खाण दोन किलोमीटर लांब आहे म्हणजे विहिरीला धक्का नाही, हे खरं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावनेर तालुक्यातलं गाव, कापूस आणि संत्र्याची वावरं, जुन्या बांधलेल्या विहिरी. आधी एप्रिलपर्यंत पुरायच्या, आता तीन वर्षांपासून संक्रांतीलाच तळ दिसतो. जवळ अंडरग्राउंड कोळसा खाण आहे आणि तिथले साहेब म्हणतात की खाण तुमच्यापासून दोन किलोमीटर लांब, तुमची विहीर ४० फूट आणि आमचा कोळसा ४०० फूट खाली, त्यामुळे संबंधच येत नाही, पाणी तुमच्याच बोअरनी ओढलं. हे तपासायचं कसं आणि सिद्ध करायचं कसं?

भाऊ, भूजलाच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी कामठी आणि वर्धा खोऱ्याच्या कोळसा पट्ट्यात विहिरी मोजण्यात. तर आधी सरळ सांगतो, टेबलावर बसून 'संबंधच नाही' म्हणता येत नाही, आणि तसंच 'खाणीमुळेच झालं' हेही नुसत्या कोरड्या विहिरीकडे बघून म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात, आणि मोजायची सुरुवात तुम्ही स्वतः उद्या सकाळी करू शकता, त्याला माझ्यासारख्याची वाट बघायची गरज नाही.

पहिलं ते दोन किलोमीटरचं. हे अंतर कुठून मोजलं ते विचारा. बहुतेक वेळा लोक आणि अधिकारी दोघेही खाणीच्या तोंडापासून मोजतात, म्हणजे इन्क्लाइन (खाली उतरणारा तिरपा बोगदा) किंवा शाफ्ट (उभा खड्डा), जिथे चाक फिरताना दिसतं तिथून. पण अंडरग्राउंड खाण ही विहिरीसारखी एका जागी खाली गेलेली नसते, ती आडवी पसरते, आणि वीस-तीस वर्षं चाललेल्या खाणीचं चालू पॅनल, म्हणजे कोळसा काढायचं काम सुरू असलेला भाग, तोंडापासून दोन-तीन किलोमीटर पुढे, अगदी तुमच्या वावराखाली असू शकतं. पाण्यासाठी महत्त्वाचं अंतर ते, चालू पॅनलच्या कडेपासून तुमच्या विहिरीपर्यंतचं. त्यामुळे सगळ्यात आधी जमिनीवर उतरवलेली वर्किंगची, म्हणजे खाली खोदलेल्या भागाची, हद्द हवी, कुठल्या पॅनलमध्ये कोणत्या साली गॅलऱ्या (कोळशातले बोगदे) मारल्या, कोणत्या महिन्यात डिपिलरिंग (मधे सोडलेले कोळशाचे खांब काढणं) सुरू झालं आणि कधी संपलं. हे नसेल तर पुढचं सगळं अंधारात.

आता ४० फूट आणि ४०० फूट. आपल्याकडे वरून खाली बघितलं तर आधी काळी माती, मग मुरूम, कुठे दख्खनचा बसाल्ट, कुठे लॅमेटाचे चुनखडीयुक्त थर, त्याखाली कामठीचा वालुकाश्म, मग मोतूरचा थर, मग बराकर ज्यात कोळसा असतो, आणि बुडाला तालचीर. कामठी हे नाव आपल्या कामठी गावावरूनच पडलंय आणि हा वालुकाश्म पाणी चांगलं धरतो आणि चांगलं देतो. मोतूरमध्ये चिकणमातीचे थर बरेच, म्हणून जिथे मोतूर जाड आणि अखंड आहे तिथे तो मधे झाकणासारखा बसतो. तर साहेबांचं म्हणणं अगदी खोटं नाही, ते झाकण शाबूत असेल तर खाली पंप चालला तरी वरच्या विहिरीला वर्षानुवर्षं फारसं काही होत नाही, असं मी स्वतः मोजलेलं आहे. पण झाकण शाबूत आहे का, हाच तर सगळा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक पॅनलला नव्याने विचारावा लागतो.

कारण नुसत्या गॅलऱ्या मारणं वेगळं आणि पिलर काढणं वेगळं. बोर्ड अँड पिलर पद्धतीत आधी गॅलऱ्या काढून मधे कोळशाचे खांब सोडतात, तोवर छत उभं असतं. नंतर डिपिलरिंगमध्ये ते खांब काढतात, मागची पोकळी म्हणजे गोफ, आणि तिथे एकतर छत कोसळू देतात, त्याला केव्हिंग म्हणतात, किंवा वाळू भरतात, त्याला स्टोविंग. केव्हिंग झालं की छत कोसळतं ते साधारण काढलेल्या कोळशाच्या जाडीच्या तीन ते सहा पट उंचीपर्यंत, आणि त्याच्याही वर भेगाळलेला पट्टा जातो तो खडक कसा आहे त्यावर तीस पट, कधी त्याहून जास्त. हिशोब करा, ३ मीटर कोळसा काढला तर भेगा ९० मीटर आणि वरही पोचू शकतात. तुमच्या ४०० फुटांत म्हणजे १२० मीटरमध्ये मग झाकणाला उरलं किती? खोली २५० मीटर असती तर मी एवढी काळजी केली नसती. म्हणून 'खाण किती खोल' एवढंच विचारू नका, 'सीमची, म्हणजे कोळशाच्या थराची, किती जाडी काढली, केव्हिंग की स्टोविंग, आणि वर मोतूर किती जाड' हे तिन्ही एकत्र विचारा.

जमीन खचण्याची कड आणि पाणी उतरण्याची कड, या दोन गोष्टी लोक एक समजतात, तिथे फार गोंधळ होतो. खचण्याचा परिणाम पॅनलच्या कडेपासून एका कोनात बाहेर जातो, ३५ अंश हा सावध आकडा धरला तरी १२० मीटर खोलीला ते ८४ मीटर होतं. पण पाण्याचा शंकू, म्हणजे उपशामुळे पातळी उतरलेला भाग, याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. रिपोर्टमध्ये तो काढायला झिखार्टचं सूत्र वापरलेलं दिसेल, ३००० गुणिले पातळीतली घट गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ, पारगम्यता म्हणजे खडकातून पाणी किती सहज जातं ते. घट १०० मीटर धरली आणि खडकाची पारगम्यता सेकंदाला मीटरचा दहा लाखावा भाग धरली तर त्रिज्या येते ३०० मीटर, आणि तीच पारगम्यता दहापट केली तर येते जवळपास ९५० मीटर. बघा म्हणजे, एक आकडा बदलला आणि पॅनलपासून अर्ध्या किलोमीटरवरचं गाव शंकूच्या बाहेरून आत आलं. शिवाय हे सूत्र सगळीकडे सारख्या खडकासाठी आहे, आणि आपल्या गोंडवाना, म्हणजे कोळशाच्या खडकांच्या, पट्ट्यात तर जागोजाग फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगा, आहेत, एखादा फॉल्ट पाणी अडवतो आणि एखादा नळीसारखं वाहून नेतो. त्यामुळे कुणी नकाशावर गोल वर्तुळ काढून दाखवलं तर पारगम्यता कुठल्या पंपिंग टेस्टवरून घेतली, ती टेस्ट कुठे आणि कोणत्या थरात केली, हे विचारायचंच.

आता मोजणी. आठ-दहा विहिरी खाणीच्या बाजूच्या घ्या आणि चार-पाच विहिरी मुद्दाम लांबच्या, तीन-चार किलोमीटरवरच्या, पण तशाच खडकातल्या, तशाच खोलीच्या आणि शक्यतो तशाच पिकाच्या. या लांबच्या विहिरी म्हणजे तुमचा आरसा. पाऊस कमी पडला तर त्याही उतरतील, लोकांनी बोअर वाढवले तर तिथेही दिसेल, आणि जवळच्या विहिरी त्याहून जितक्या जास्त उतरल्या तो फरक खाणीच्या नावावर टाकता येतो. उदाहरण म्हणून समजा, लांबच्या विहिरी जानेवारीत नेहमीपेक्षा सव्वा मीटर खाली आणि तुमच्या चार मीटर खाली, तर दावा पावणेतीन मीटरचा करा, चारचा करू नका. लोक इथेच चूक करतात, सगळंच खाणीवर टाकतात, मग समोरचा एक पावसाचा तक्ता काढतो आणि खरा मुद्दाही त्यातच वाहून जातो. मी हे सुनावणीत डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटलं होतं, कारण त्या गावाचं म्हणणं मुळात बरोबर होतं.

काटोल, नरखेड, सावनेर या पट्ट्यात संत्र्यासाठी किती खोल बोअर गेलेत ते तुम्हालाही माहीत आहे, हजार फुटांच्या आसपास जाणारेही आहेत. तो परिणाम खरा आहे, तो लपवू नका. प्रत्येक विहिरीच्या ५०० मीटरच्या आत कोणत्या साली किती बोअर झाले त्याची यादी स्वतःच बनवा. तुमची बाजू त्याने कमी होत नाही, उलट तुम्ही सगळं मोजलंय हे दिसतं.

मोजायची पद्धत साधी पण काटेकोर. कठड्यावर एका ठिकाणी ऑइल पेंटने खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडायचा, कठडा जमिनीपासून किती उंच तेही लिहून ठेवायचं. पंप किमान सात-आठ तास बंद असायला हवा. शेतीची लाइट कधी दिवसा कधी रात्री असते, तर त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा, नाहीतर तुम्ही खाण नाही, शेजाऱ्याची मोटर मोजाल. दर पंधरा दिवसांनी, एकाच दिवशी सगळ्या विहिरी. पाऊस गावातच मोजा, तालुक्याचा आकडा चालत नाही, आपल्याकडे नाल्याच्या या काठाला पडतो आणि त्या काठाला नाही.

आणि एक गोष्ट जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. जमीन खचली तर विहिरीचा कठडाही सोबत खाली जातो! म्हणजे समजा पाणी एक मीटर उतरलं आणि जमीन अर्धा मीटर बसली, तर टेप फक्त अर्धा मीटर घट दाखवेल. जमीन बसल्याचा संशय असेल तिथे कठड्याची उंची बाहेरच्या पक्क्या बेंचमार्कवरून (उंचीच्या न हलणाऱ्या खुणेवरून) लेव्हल मशीनने वर्षातून दोनदा तपासून घ्या. मग पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मांडा, खोली म्हणून नको. सगळ्या विहिरींचे हे आकडे नकाशावर टाकून समान पातळीच्या रेषा जोडल्या की शंकू असेल तर तो दिसतोच, आणि त्याचं केंद्र चालू पॅनलकडे यायला पाहिजे. ते भलतीकडेच, एखाद्या मोठ्या बागेकडे आलं, तर तेही मान्य करायला पाहिजे.

नुसती पातळी नको, विहीर भरते किती वेगाने तेही बघा. पंप लावून पाणी खाली न्या, बंद करा, आणि दर दहा मिनिटांनी किती चढलं ते लिहा. ६ मीटर व्यासाची विहीर असेल तर तासाला १० सेंटिमीटर चढणं म्हणजे साधारण २८०० लिटर पाणी आलं. हीच टेस्ट दरवर्षी त्याच महिन्यात, सुरुवातीला पाणी जवळपास त्याच पातळीला असताना करा. भेगांमधून झरे तुटले असतील तर हा वेग एकदम पडतो, आणि विहिरीत उतरणाऱ्या माणसाला कोणता झरा बंद झाला हेही माहीत असतं, पूर्वेचा की तळाचा. गावातल्या गाळ काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बसून बोला, त्यांच्याकडे विहिरीची जी माहिती असते ती कुठल्याच फाइलमध्ये नसते, तारीख आणि नावासकट लिहून घ्या.

वेळ हा सगळ्यात मोठा साक्षीदार. दुष्काळाने विहीर हळूहळू उतरते, सगळ्या सोबत उतरतात. डिपिलरिंगने उतरली तर बहुतेकदा झटका असतो. एका गावात दोन विहिरी काही आठवड्यांतच साडेतीन-चार मीटर गेल्या आणि दीडशे मीटर पुढची जशीच्या तशी होती, नंतर प्लॅन मिळाला तेव्हा कळलं की त्याच महिन्यात खालच्या पॅनलमध्ये पहिली मोठी छत-कोसळ झाली होती आणि त्या दोन विहिरी बरोबर त्या कडेवर होत्या. प्लॅन मिळायला मात्र दीड वर्ष लागलं आणि तोवर त्या घरचा एक हंगाम पूर्ण गेला, ते मला अजून खुपतं. त्या गावाकडे रोजच्या तारखांची वही होती म्हणून निदान जुळवता तरी आलं. उलटीही परीक्षा होते, कधी मोठा ब्रेकडाउन होऊन खाणीचे पंप काही दिवस बंद राहिले तर त्या दिवसांत रोज रीडिंग घ्या. खोल बोअरचं पाणी चढलं आणि पंप सुरू झाल्यावर पुन्हा उतरलं, तर संबंध आहे हे समोरच्यालाही नाकारता येत नाही.

खाणीच्या आतला पुरावाही तितकाच मोठा. खाणीत रोज किती पाणी उपसलं याची नोंद असते. पावसाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच खाणीतली आवक वाढत असेल आणि उन्हाळ्यात उतरत असेल, तर वरचं पाणी खाली जातंय. वर्षभर आवक सारखीच असेल तर खालच्या थरातलं साठलेलं पाणी येतंय, असं समजायला जागा आहे. माझ्या मते सगळ्या कागदांमध्ये ही एक नोंद सर्वात बोलकी, म्हणून ती महिन्यावार आणि पंपवार मागा, वार्षिक सरासरी घेऊन गप्प बसू नका.

दोन फसव्या गोष्टी सांगतो. एक म्हणजे भेगा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्या चारी दिशांनी जाळीसारख्या असतात आणि दोन पावसांत मिटतात. खचण्याची भेग वेगळी, ती लांब एका रेषेत, पॅनलच्या कडेला समांतर जाते, बांध आणि पांदण ओलांडून जाते, कधी एक बाजू पायरीसारखी खाली बसलेली असते, आणि पावसाळ्यात पाणी तिच्यात गुडुप होतं. फोटो काढताना शेजारी टेप ठेवा आणि लोकेशन ऑन ठेवा. दुसरी फसवी गोष्ट नाला. खाण उपसलेलं पाणी नाल्यात सोडते, आणि त्या नाल्याच्या काठच्या विहिरी मे महिन्यातही डबडबलेल्या असतात. पाहणीला आलेल्यांना नेमकी तीच विहीर दाखवतात आणि लिहून घेतात की परिणाम नाही. ती विहीर खाणीच्याच पाण्यावर जगतेय! नाल्यापासून दोनशे-तीनशे मीटरच्या आतल्या विहिरी वेगळ्या गटात ठेवा, सरासरीत मिसळू नका. खाण बंद झाली की त्याच विहिरी आधी आटतील, हे त्या शेतकऱ्यांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

पाण्याच्या तपासणीबद्दल थोडक्यात. खाणीचं पाणी म्हणजे विषच असं धरू नका, आपल्याच पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलंय. कोळशासोबतच्या पायराइट या गंधकयुक्त खनिजामुळे सल्फेट, कडकपणा, लोह आणि टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) वाढू शकतात, ते बघा. पिण्याच्या पाण्याचं मानक सल्फेटला २००, दुसरा स्रोत नसेल तर ४०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत, टीडीएसला ५०० आणि तसंच २०००. फ्लोराइड मात्र जपून, वणी, केळापूर, वरोरा या भागात ते खडकातूनच येतं, तर ते १.५ च्या वर निघालं म्हणून लगेच खाणीवर बोट ठेवू नका. नायट्रेटचंही तसंच, ते युरियातून येतं, उकिरड्यातून येतं आणि खाणीतल्या स्फोटकांतूनही येतं, त्यामुळे एकट्या नायट्रेटवरून काही ठरत नाही. नमुने विहिरीचे, खाणीच्या सम्पचे (पाणी गोळा होतं त्या खड्ड्याचे) आणि नाल्याचे एकाच दिवशी घ्या, मे आणि नोव्हेंबर असे दोनदा.

'आधीचं मोजमापच नाही, आता काय' असं वाटत असेल तर तेवढं खचू नका. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या, म्हणजे जीएसडीएच्या, निरीक्षण विहिरी आहेत, त्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षातून चार वेळा मोजतात आणि काहींचा डेटा कित्येक दशकांचा आहे. नागपूरच्या ऑफिसात अर्ज द्या, तुमच्या पाणलोटातली कोणती ते विचारा. केंद्रीय भूजल मंडळाच्याही वेगळ्या आहेत. खाणीला पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेखाली असेल तर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, त्यात बहुतेकदा आजूबाजूच्या विहिरींच्या पातळ्या असतात. तो वाचा आणि त्यातली विहीर कोणाची, नेमकी कुठे, हे प्रत्यक्ष जाऊन बघा, नाल्याकाठची तर नाही ना. उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते, २४ सप्टेंबर २०२० च्या नियमावलीत फ्लोमीटर (उपसलेलं पाणी मोजणारं मीटर) आणि पिझोमीटर (फक्त पातळी मोजायचा बोअर) सांगितलेत, त्यांची रीडिंगं मागा. डिपिलरिंगला डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, परवानगी लागते, तिच्यात खचण्याबद्दल अटी असतात. सरकारी कंपनी असेल तर हे सगळं माहिती अधिकारात थेट मागता येतं. एका अर्जात एकच विषय ठेवा: एक अर्ज वर्किंगच्या हद्दीचा आणि तारखांचा, दुसरा महिन्यावार पंपिंगचा, तिसरा पिझोमीटरचा.

पिझोमीटरबद्दल एक आग्रह धराच. विहीर वरचा थर दाखवते आणि खोल बोअर सगळे थर मिसळून दाखवतो, त्यामुळे झाकणाच्या वर एक आणि खाली एक असे दोन वेगळे पिझोमीटर एकाच जागी, गाव आणि पॅनलच्या मधे बसवायला सांगा, पुढचं पॅनल सुरू व्हायच्या किमान एक पावसाळा आधी. खालचा उतरला आणि वरचा स्थिर राहिला तर झाकण टिकलंय. दोन्ही सोबत उतरू लागले तर केव्हिंग थांबवून स्टोविंगवर जा, असं म्हणायला तुमच्या हातात आकडा असेल, आणि तो विहिरी आटायच्या आधी असेल. नुकसानभरपाईपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण तुटलेला झरा पैशाने परत येत नाही, आणि खाण बंद पडून पोकळी पाण्याने भरली तरी सगळ्या विहिरी पूर्वीच्या पातळीला येतीलच असं नाही. त्यात किती वर्षं जातील ते त्या खडकावर अवलंबून.

आत्ता काय करायचं तर या रविवारी बारा-तेरा विहिरी निवडा, पेंटची खूण मारा, पहिलं रीडिंग घ्या, शाळेतली दोन मोठी पोरं सोबत घ्या म्हणजे पंधरा दिवसांची पाळी चुकणार नाही. तीन महिन्यांची रीडिंगं आणि वर्किंगच्या हद्दीचा कागद हातात आला की मला पाठवा, पातळीच्या रेषांचा नकाशा मी काढून देतो, तोवर मृगाच्या आधी एक रिकव्हरी टेस्ट, म्हणजे विहीर भरायच्या वेगाची ती टेस्ट, तेवढी उरकून घ्या.